होडीचे घर

गोठा कसा असावा, धान्य कोठे साठवावे, चूल कोणत्या दिशेला मांडावी, याविषयी आपण आजवर पुष्कळ ऐकले असेल. आज मी बोलणार आहे ते होडीच्या घराविषयी. कोणी म्हणेल, "आमच्या विहिरीला चैत्रात पाणी राहत नाही आणि हे गृहस्थ होडीच्या गोष्टी सांगतात!" पण भाटघरच्या जलाशयाच्या दोन्ही काठांना राहणारे लोक असे म्हणणार नाहीत. पानशेत, मुळशी, कोयना, उजनी यांच्या काठचे लोकही म्हणणार नाहीत. ज्यांच्या गावापुढे पाणी पसरले आहे, त्यांना होडी ही चैनीची वस्तू नव्हे. ती त्यांची बैलगाडी आहे. ज्यांच्याजवळ होडी नाही, पण ट्रॅक्टरची ट्रॉली आहे किंवा मळणीयंत्र आहे, त्यांनाही आजचा हिशोब उपयोगी पडेल, कारण हिशोब तोच आहे.

आधी जागेची ओळख करून घेऊ. वेळवंडी नदीवर भोरजवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले. पुढे त्याची जागा दुसऱ्या, पुष्कळ मोठ्या धरणाने घेतली. ते १९२८ साली पुरे झाले आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉईड यांचे नाव त्याला मिळाले. आज या पाण्याला येसाजी कंक जलाशय म्हणतात. येसाजी कंक हे याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे, तेव्हा हे नाव त्या पाण्याला शोभते. धरण भरले म्हणजे त्यात सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावते. ते नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस अशा खालच्या मुलखाला जाते. म्हणजेच हे पाणी येथे साठते, पण येथे थांबत नाही. श्रावण-भाद्रपदात ते तुमच्या बांधाला लागलेले असते आणि वैशाखात खाली, दूर, गाळाच्या पलीकडे गेलेले असते. कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते उघडे पडते आणि लोक चालत दर्शनाला जातात. ज्या काठावर देवळाची ही गत, तेथे होडीच्या घराची काय कथा!

आणि होडीच्या घराचा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी होडी-क्लब आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासूनचा, म्हणजे आपल्या धरणाच्याच वयाचा. त्यांच्या होड्यांची घरे थेट नदीकाठी आहेत. ते त्यांना जमते, कारण खाली बंडगार्डनचा बंधारा आहे आणि पूर सोडला तर तो बंधारा नदीची पातळी फारशी हलू देत नाही. होडी उचलली, चार पावले टाकली की पाणी. आपण ते पाहून तसेच करायला गेलो तर फसू. काठावर छपरी बांधली तर भाद्रपदात ती पाण्यात उभी राहील आणि वैशाखात पाण्यापासून अर्ध्या मैलावर. शिवाय पाणी ज्या रेषेपर्यंत चढते, तिला धरणखात्याच्या भाषेत पूर्ण संचय पातळी म्हणतात, आणि तिच्या आतली जमीन खात्याची असते. तेथे आपल्याला खांब रोवता येत नाही.

तेव्हा होडीचे घर बांधायचे ते आपल्या घराशेजारी, रस्त्याला लागून. आणि होडीला चाके हवीत. होडी ज्या चाकांच्या सांगाड्यावर बसवून नेतात, त्याला कोणी ट्रेलर म्हणतात, आपल्याकडे ट्रॉली म्हणतात. मीही ट्रॉलीच म्हणेन. पाणी जिकडे जाईल तिकडे ट्रॉली जाईल आणि काम झाले की घरी येईल. हे एकदा पटले म्हणजे पुढचा प्रश्न उरतो तो एवढाच, की ट्रॉलीवर बसलेल्या होडीला केवढे घर लागते?

या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले आहे. ती गोष्ट सांगतो, कारण ती माझीच चूक होती.

माझे आजोळ भाटघरच्या पाण्यापलीकडे आहे. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. नकाशे, प्रमाण, उंचीच्या रेषा हा माझा रोजचा व्यवहार. मामांनी आणि गावातल्या तिघा-चौघांनी मिळून एक जुनी फायबरची होडी घेतली. सोळा फूट लांब, मागे लहानसे इंजिन, वर ऊन-पावसासाठी लोखंडी पाइपाचा टप. एका ओळखीच्या वेल्डरने ट्रॉली करून दिली. मामा म्हणाले, "तू शिकलेला माणूस, छपरीचं माप तू काढ." मी टेप घेऊन गेलो. होडी मोजली, सोळा फूट. वहीत आकृती काढली. पुढे-मागे दीड-दीड फूट सोडून एकोणीस फुटांची छपरी आखली. रुंदी दहा फूट. दार साडेसात फूट उंच. खांब उभे राहिले, पत्रे चढले आणि होडी आत गेली. मोठा आनंद झाला.

पण होडी सरळ गेली नाही. ट्रॉलीची दांडी होडीच्या पुढे साडेतीन फूट असते आणि वर उचललेले इंजिन होडीच्या मागे दोन फूट जाते. यांतले मी काहीच मोजले नव्हते. दार लागेना, म्हणून मामांनी होडी तिरपी करून कोपऱ्यात सारली. दार लागले. सगळ्यांना वाटले, जमले. पुढे हळूहळू दाराजवळ नांगर आला, कांद्याच्या गोणी आल्या, एक मोडकी सायकल आली. रिकामी जागा शेतकऱ्याच्या घरात रिकामी राहत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आषाढात भाताची लावणी चालू होती. संध्याकाळी मामींना चिखलात काही तरी चावले. फुरसे, असे मागाहून समजले. पायाला सूज चढू लागली. पाण्याला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यावर दुपारीच दरड आली होती. साहजिकच सगळ्यांना होडी आठवली. पाऊस थांबला होता, वारा नव्हता, पाणी शांत होते. पलीकडे गाडी उभी करण्याची फोनवर सोय झाली. दहा माणसे छपरीकडे धावली. त्या रात्री मी तेथेच होतो.

गोणी हलवण्यात दहा मिनिटे गेली. ट्रॉलीची चाके बसलेली, त्यांत हवा नव्हती. शेजारच्याचा पंप आणून हवा भरली. ट्रॅक्टरने ओढले, आणि टपाचा पाइप चौकटीच्या गणेशपट्टीला जाऊन अडकला! जाताना होडी आत गेली ती बसक्या टायरांवर. तेव्हा पाइप दारापेक्षा एका इंचाने खाली होता. टायर फुगले, होडी तीन इंच वर आली आणि पाइप दारापेक्षा दोन इंचांनी वर गेला. मग पुन्हा हवा सोडली. पुन्हा ओढले, तर ट्रॉली तिरपी असल्यामुळे एक चाक खांबाला टेकले. कोणी कंदील धरतो आहे, कोणी पहार लावतो आहे, कोणी टप कापायची करवत शोधतो आहे, आणि आत ओटीवर मामी पडलेल्या आहेत. चाळीस मिनिटे झाली. इतक्यात बातमी आली की दरड बाजूला करणारे यंत्र आले आहे आणि रस्त्याची एक बाजू मोकळी झाली आहे. मामींना जीपने नेले. त्या वाचल्या. महिनाभर पाय धरून बसल्या, पण वाचल्या.

होडी त्या रात्री पाण्यात गेलीच नाही. तिचे नाक दाराबाहेर आणि अंग आत, अशी ती सकाळपर्यंत उभी होती.

सकाळी शेजारचे एक म्हातारे सुतार आले. त्यांनी आयुष्यभर बैलगाड्या केलेल्या. त्यांनी छपरीला एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "प्रोफेसर, गाडी ठेवायची जागा काढताना आम्ही बैल धरून काढतो. तुम्ही नुसती गाडी मोजली." मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

तर श्रोते हो, बैल धरून मोजायचे म्हणजे काय, ते आता आपण क्रमाने पाहू. जवळ कागद-पेन्सिल असेल तर आकडे टिपून घ्या. शिक्षकांनी तर जरूर टिपावेत. त्याचे कारण शेवटी सांगतो.

पहिली गोष्ट लांबीची. होडी सोळा फूट असली तरी ट्रॉलीच्या दांडीच्या टोकापासून इंजिनाच्या पंख्यापर्यंत मोजा. सोळा अधिक साडेतीन अधिक दोन, म्हणजे साडेएकवीस फूट झाले. आता मागे माणसाला वाकून इंजिनाचे काम करता आले पाहिजे, त्यासाठी तीन फूट. पुढे दांडी आणि दार यांमध्ये दीड फूट. एकूण सव्वीस फूट. म्हणजे सोळा फुटांच्या होडीला सव्वीस फुटांचे घर. मोटारीसाठी लोक अठरा-वीस फुटांची खोली बांधतात आणि त्यात होडीही राहील असे समजतात. ती राहत नाही, आणि राहिली तर दार लागत नाही.

दुसरी गोष्ट रुंदीची. होडीची रुंदी पाच-साडेपाच फूट असेल, पण ट्रॉलीची चाके होडीच्या बाहेर येतात. चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. समजा साडेसहा फूट भरले. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडा. अंगावर ओझे घेतलेला माणूस तीन फुटांतून सरळ चालतो, दोन फुटांतून आडवा चालतो. साडेबारा फूट झाले, तेरा धरा. वल्ही, दोर, तरंगणारी जाकिटे यांच्यासाठी भिंतीवर खुंट्या आणि फळी लावा, जमिनीवर काही ठेवू नका. जमिनीवर एक वस्तू ठेवली की दुसरी तिच्या सोबतीला येते.

तिसरी गोष्ट दाराची. दार नऊ फूट रुंद असावे. साडेसहा फुटांच्या ट्रॉलीला नऊ कशाला, असे वाटेल. पण ट्रॉली मागे ढकलताना ती रेघेवरून सरळ जात नाही, कधी इकडे तर कधी तिकडे झुकते. सव्वा-सव्वा फुटांची मोकळीक असली म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला धीर येतो. उंची मोजताना चाकांत पूर्ण हवा भरा, टप उभा करा, इंजिन वर उचला, आणि मग सर्वांत उंच जे टोक असेल त्यावर एक फूट सोडा. आमचा पाइप हवा भरल्यावर सात फूट आठ इंच भरला होता. आज आमचे दार पावणेनऊ फूट आहे. दार बाहेर उघडणारे करा, कारण आत उघडणारे दार आतली चार-पाच फूट जागा खाऊन टाकते.

चौथी गोष्ट अंगणाची. ही गोष्ट खोलीच्या बाहेरची आहे, म्हणून हमखास विसरली जाते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडून उभी केली तर लांबी पस्तीस फुटांच्या आसपास जाते. ती सरळ रेषेत दारासमोर उभी राहिली पाहिजे. म्हणून दारासमोर पन्नास फूट तरी मोकळे अंगण हवे आणि ते दाराच्या सरळ रेषेत हवे. वळणावर दार काढले तर रोज वळणावर भांडण. ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉली उलट्या दिशेला वळते, हे चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. आखूड ट्रॉली लांब ट्रॉलीपेक्षा चटकन वळते आणि होडीची ट्रॉली बहुधा आखूड व हलकी असते, म्हणून ती अधिक चुकार. अंगणाच्या वाटेत तुळशीवृंदावन असेल, आंब्याचे झाड असेल किंवा विजेच्या तारा खाली आल्या असतील, तर छपरीची जागा बदला. झाड तोडू नका.

पाचवी गोष्ट जमिनीची. होडी, इंजिन आणि ट्रॉली मिळून पाच-सहाशे किलो वजन होते, आणि ते दोन चाकांवर येते. पावसाळ्यात नुसत्या मातीत चाक रुतते. मुरूम टाकून, पाणी मारून, चोपून बसवा. त्यावर चार इंच काँक्रीट केले तर उत्तम. दाराच्या दिशेने सव्वीस फुटांत तीन इंच उतार द्या, म्हणजे होडीबरोबर आलेले पाणी बाहेर जाईल. होडीच्या मागच्या तळाला पाणी काढण्याचे बूच असते. घरात आल्यावर ते काढून ठेवा आणि दांडीखाली लाकडी ठोकळे लावून होडीचे पुढचे टोक, ज्याला कोळी नाळ म्हणतात, ते फूटभर उंच करा. मग आतले सगळे पाणी मागे येऊन निघून जाते. बूच सुतळीने सुकाणूच्या जागी बांधून ठेवा. बूच न लावता होडी पाण्यात घालणारा माणूस शहाणा असला तरी बुडतो.

चाकांनाही विश्रांती द्या. होडी चार-सहा महिने उभी राहणार असेल तर आसाखाली दगड किंवा ठोकळे लावून चाकांवरचा भार काढा. आमची चाके बसली ती त्यामुळेच. आणि ट्रॉली पाण्यात घालण्यापूर्वी थोडा वेळ थांबा. रस्त्याने आलेल्या चाकाची तुंबी तापलेली असते. ती एकदम गार पाण्यात गेली की आत पाणी ओढून घेते आणि बेअरिंग गंजतात. वर्षातून एकदा ग्रीस भरा.

सहावी गोष्ट छपराची आणि वाऱ्याची. भोरपासून वरंध घाटाकडे जाल तसा पाऊस वाढत जातो. उघड्यावर ठेवलेल्या होडीत किती पाणी साठते, याचा अंदाज करून पाहा. होडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सत्तर चौरस फूट धरले तर एक इंच पावसात जवळजवळ सहा घनफूट, म्हणजे दीडशे लिटरांच्या वर पाणी साठते. दीडशे किलो वजन एका इंचात! आमच्याकडे चार-चार इंच पाऊस एका दिवसात पडतो. ट्रॉलीचा आस वाकतो तो अशाने. म्हणून छप्पर हवेच. पण पत्रे हुकांनी नीट आवळा आणि खांब पायात घट्ट धरा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याला येऊन धडकले आणि त्याचा तडाखा घाट चढून भोर-वेल्ह्यापर्यंत पोचला. उघड्या बाजूच्या छपऱ्यांत वारा शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. पत्र्याला जेवढे वरून वजन हवे, तेवढेच खालून बंधन हवे.

तर मग चारी बाजूंनी भिंती घालून खोली बंद करावी काय? नाही. येथे आपण कोकणाकडून शिकावे. घाट उतरून खाली गेलात तर जून-जुलैत किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढून शाकारलेल्या दिसतील. सरकारची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला न जाण्याची चाल तर त्याहून जुनी. तो कोळी होडीला कसे ठेवतो, ते पाहा. खाली लाकडी ओंडके, म्हणजे कणा मातीला टेकत नाही. वर झापांचे छप्पर, पण ते होडीला चिकटलेले नाही. आणि दोन्ही टोके उघडी. वारा एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो. ओल अंगात मुरायला जागाच मिळत नाही. लाकडाला तो माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावतो. फायबरच्या होडीला तेल लागत नाही, पण फायबरच्या आत लाकडी फळ्या असतात, आणि त्या कुजल्या तर बाहेरून दिसत नाही. तेव्हा तीन बाजूंना भिंत घातलीत तरी वर एक आणि खाली एक अशी जाळीची खिडकी समोरासमोरच्या भिंतींत ठेवा.

खालची खिडकी आणखी एका कारणासाठी हवी. ते कारण म्हणजे पेट्रोल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवर साचते. बंद खोलीत इंजिनाची टाकी गळत असली आणि कोणी काडी ओढली तर काय होईल, हे सांगायला नको. शक्य तो टाकी आणि डबा घराबाहेर, सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. होडीचे घर आणि स्वयंपाकघर एका भिंतीला लावू नका.

सातवी गोष्ट कागदांची. छपरी बांधण्यापूर्वी ग्रामपंचायतीत विचारा. होडी जलाशयात घालायची तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. इंजिनाच्या होड्यांची नोंदणी आणि तपासणी यांविषयी २०२१ सालचा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आहे. हे कागद करायला कंटाळा येतो, हे मला मान्य आहे. पण तपासणी करणारा माणूस जी भोके आणि तडे पाहतो, ती आपण पाहिलेली नसतात.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, "एवढी जागा आणि एवढा पैसा आणायचा कोठून?" प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे, की पैसा कमी असेल तर भिंती घालू नका, दार लावू नका, काँक्रीट पुढच्या वर्षी करा. पण सव्वीस बाय तेराची जागा आणि समोरचे अंगण आजच राखून ठेवा. भिंत नंतर घालता येते. जागा एकदा अडकली की नंतर मिळत नाही. होडी एकट्याची नसून वाडीची असेल तर सामाईक जागेवर नुसते चार खांब आणि पत्रे पुरेत. मात्र तेथे एक नियम करा, की होडीच्या पुढे कोणाचेही काही ठेवायचे नाही, सरपंचाचेही नाही.

आता शिक्षकांसाठी. खांब रोवण्यापूर्वी एक काम करून पाहा, त्याला खर्च काही नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीने सव्वीस बाय तेराचा आयत काढा. दाराच्या जागी नऊ फुटांचे अंतर सोडून दोन बांबू उभे करा आणि नऊ फुटांवर आडवी दोरी बांधा. मग खरी ट्रॉली आणून, खरा ट्रॅक्टर लावून, ती दोरीला न लागता आत घालून दाखवायला सांगा. मुले फक्कीच्या बाहेर उभी राहून मोजतील, चाक कोठे लागले, दांडी किती बाहेर राहिली. सहावी-सातवीच्या मुलांना क्षेत्रफळ, घनफळ आणि प्रमाण शिकवायला याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही. एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट धरून वहीत आकृती काढा, पुठ्ठ्याची ट्रॉली कापा आणि ती आकृतीवर सरकवून पाहा. मी जे वहीत केले ते याच्या उलट होते. मी आकृती काढली, पण तिच्यात काही सरकवून पाहिले नाही.

मामींना चावले त्या रात्रीनंतर आम्ही छपरी मोडली आणि दिवाळीत नव्याने उभी केली. याच मापांची. त्या म्हाताऱ्या सुतारांनी फक्कीच्या रेघेवर स्वतः पहिली पहार मारली. तेव्हापासून वर्षातून दोनदा, मिरगापूर्वी आणि गणपतीपूर्वी, आम्ही एक तालीम करतो. दोन माणसांनी, अंधार पडल्यावर, एका विजेरीच्या उजेडात होडी घरातून काढून अंगणात आणायची. घड्याळ मामींच्या हातात असते. गेल्या खेपेला सहा मिनिटे लागली. मामी म्हणाल्या, "पाच झाली पाहिजेत."

वादळात किंवा गडद अंधारात होडी पाण्यात घाला, असे मी मुळीच सुचवत नाही. पाण्याचा निर्णय पाण्याकडे पाहूनच घ्यावा, आणि अंगावर जाकीट असल्याशिवाय घेऊ नये. पण होडी घराबाहेर निघेल की नाही, हा प्रश्न त्या वेळी पडता कामा नये. त्याचे उत्तर आधीच, उन्हाळ्यातल्या एखाद्या निवांत सकाळी, टेपने आणि फक्कीने देऊन ठेवायचे असते.

उद्या सकाळी वेळ काढा. होडी असेल तर होडी, ट्रॉली असेल तर ट्रॉली, पण दांडीपासून शेपटापर्यंत, चाकांत पूर्ण हवा भरून एकदा मोजा. आणि तिच्या पुढे काय-काय ठेवले आहे, तेही पाहा.